नागपूरहून थर वाळवंटातल्या व्यापारी शहरांकडे: आपली गाडी, गावोगावचा गाईड आणि नऊ दिवस

इतवारीत चाळीस वर्षं किराण्याची गादी सांभाळलेले माझे काका जैसलमेरला पटव्यांच्या हवेलीतल्या एका खोलीत शिरले आणि तिथेच थबकले. खाली बैठक, पुढ्यात मुनिमाचं बुटकं लाकडी मेज, शेजारी तराजू. काका वाकून त्या मेजाची उतरती फळी बघत राहिले. "आमच्या आजोबांचं अस्संच होतं," म्हणाले. गाईडने आपलं बोलणं तिथेच थांबवलं आणि काकांनाच विचारलं, "बाबूजी, आपके यहाँ हुंडी चलती थी?" हुंडी म्हणजे व्यापाऱ्यांची पैसे देण्याची चिठ्ठी. पुढची वीस मिनिटं दोघं दर्शनी हुंडी (दाखवताच पैसे) आणि मुद्दती हुंडीबद्दल (ठरल्या मुदतीनंतर पैसे) बोलत होते आणि आम्ही बाकीचे पाच जण ऐकत होतो.

हेच जैसलमेर मी सहा वर्षांआधी एका ट्रॅव्हल कंपनीच्या बसमधून पाहिलं होतं. किल्ल्याला पाऊण तास, हवेलीसमोर फोटो आणि चादरींच्या दुकानात दीड तास. शहर तेच होतं. फरक पडला तो आपली गाडी, आपला गाईड आणि आपलं घड्याळ असल्यामुळे. ते कसं जमवायचं, ते इथे सविस्तर लिहितो.

आपल्या नागपूरकरांना या शहरांत जायचं एक खास कारणही आहे. ज्या कस्तुरचंद पार्कात आपण सभा आणि प्रदर्शनं पाहिली, ते नाव सर कस्तुरचंद डागांचं. डागा घराणं मूळ बिकानेरचं. त्यांच्या बन्सीलाल अबीरचंद पेढीने कामठी-नागपुरात सावकारी केली, हिंगणघाटला कापड गिरणी काढली. हल्दीरामचं मूळ दुकानही बिकानेरचंच. वाळवंटातला उंटांचा व्यापार मंदावला तेव्हा तिथली माणसं जिथे कापूस होता, रेल्वे होती, तिथे गेली. वऱ्हाड-नागपूर हा त्यांचा एक मोठा मुक्काम होता.

आधी मार्ग, मग तारखा

बिकानेर, फलोदी, जैसलमेर, जोधपूर हा क्रम धरा. बिकानेरला उतरायचं, जोधपूरहून परतायचं. बिलासपूरहून बिकानेरला जाणारी आणि बिलासपूरहून भगत की कोठीला जाणारी अशा दोन्ही गाड्या नागपूरवरून जातात. भगत की कोठी म्हणजे जोधपूरचंच उपनगरी स्टेशन. दोन्ही गाड्या आठवड्यातून ठरावीक दिवशीच असतात, म्हणून आधी त्यांचे वार बघा आणि त्यावर बाकीचे दिवस बसवा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. विमानाने जायचं तर दिल्ली किंवा मुंबईला बदलावं लागतं, आणि ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर मला रेल्वेच बरी वाटते. रात्रीची झोप होते, घरची पोळी-भाजी होते.

ढोबळ अंतरं अशी: बिकानेर ते फलोदी १६५ किलोमीटर, फलोदी ते जैसलमेर तेवढंच, जैसलमेर ते जोधपूर २८५. रस्ते चांगले आणि रिकामे आहेत. मुक्काम बिकानेरला दोन, फलोदीला एक, जैसलमेरला तीन, जोधपूरला एक. प्रवास धरून नऊ दिवस. जैसलमेरचा एक दिवस कापून उदयपूर घालायचा मोह होईल, तो आवरा. उदयपूर सुंदर आहे, पण ती तळ्यांची, डोंगरांची वेगळी सहल आहे.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आपल्याला उन्हाची सवय आहे, नवतपा आपण दरवर्षी काढतो, तरी एप्रिलनंतर जाऊ नका. फलोदीला मे २०१६ मध्ये ५१ अंश तापमान नोंदलं गेलं आहे. नागपूरकर चुकतो तो थंडीच्या बाबतीत. दुपारी नुसत्या सदऱ्यावर फिरता येतं आणि रात्री उघड्यावर हातपाय गारठतात. कानटोपी आणि जाड स्वेटर हवाच. दिवाळीनंतरचा आठवडा आणि ख्रिसमस ते नवं वर्ष हे दोन काळ टाळा. त्या दिवसांत जैसलमेरच्या गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते आणि खोल्यांचे भाव चढलेले असतात.

गाईड शोधणं, हेच खरं काम

सगळ्या सहलीला मिळून एकच गाईड घेऊ नका. बरेच एजंट तसं सुचवतात. नऊ दिवस सोबत राहणाऱ्या माणसाच्या राहण्याखाण्याचा खर्च येतो, आणि बिकानेरच्या माणसाला जैसलमेरच्या गल्लीतलं घर न् घर माहीत नसतं. त्याऐवजी प्रत्येक शहरात तिथलाच गाईड घ्या: बिकानेरला एक दिवस, जैसलमेरला दीड दिवस, जोधपूरला अर्धा दिवस. फलोदीला गाईडची गरज पडत नाही.

परवानाधारक गाईड दोन प्रकारचे असतात. काहींना केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाचा परवाना असतो, काहींना राजस्थान सरकारच्या पर्यटन विभागाचा. दोघांकडेही फोटोचं ओळखपत्र असतं आणि ते गळ्यात घालून फिरणं अपेक्षित असतं. राज्याच्या पर्यटक स्वागत केंद्रात विचारलं तर नावं मिळतात, चांगले हॉटेलवालेही देतात. किल्ल्याच्या दारात "साहब, गाईड?" म्हणत मागे लागणाऱ्याला ओळखपत्र मागा. नसेल तर नमस्कार करून पुढे चला.

नाव मिळाल्यावर मेसेजवर ठरवू नका, दहा मिनिटं फोनवर बोला. माणूस कसा बोलतो ते फोनवरच कळतं. मी तीन गोष्टी विचारतो. पहिली, "आम्हाला राजांच्या लढायांपेक्षा व्यापाऱ्यांचं शहर बघायचं आहे, माल कुठून यायचा, कुठे उतरायचा, हिशेब कुठे व्हायचा, हे दाखवाल का?" यावर जो खुलून बोलायला लागतो, तो आपला माणूस. जो लगेच यादी म्हणायला लागतो, फोर्ट, हवेली, लेक, सनसेट, त्याला धन्यवाद द्यावेत. दुसरी, चढण आणि पायऱ्या किती, सोबत सत्तरीची आई आहे, मध्ये बसायला जागा कुठे आहे. तिसरी गोष्ट स्पष्ट आणि आधीच सांगायची: दुकानात जायचं नाही. बऱ्याच ठिकाणी दुकानदार गाईडला आणि ड्रायव्हरला कमिशन देतात, तो खर्च वस्तूच्या किमतीत आपल्याच खिशातून जातो आणि अर्धा दिवस तर जातोच. आमच्या जैसलमेरच्या गाईडला मी फोनवर म्हटलं होतं, "कमिशन जाईल तुमचं, म्हणून शेवटी बक्षिसी मी वेगळी देईन, पण दुकान नको." तो हसून हो म्हणाला आणि दोन्ही दिवस शब्द पाळला.

दर अर्ध्या दिवसाचा की पूर्ण दिवसाचा, गटात माणसं किती आणि भाषा कोणती यावर ठरतो. हिंदी चालेल असं आपणहून सांगा. परदेशी भाषेचा वेगळा आकार असतो, तो लागत नाही. मराठी बोलणारा गाईड शोधण्यात वेळ घालवू नका. शहरात मुरलेला हिंदी गाईड हजारपटीने बरा. ठरलेली रक्कम, सुरू होण्याची वेळ, तिकिटं त्यात आहेत की वेगळी, हे सगळं एका मेसेजमध्ये लिहून त्याच्याकडून होकार घ्या. तिकिटं बहुधा वेगळीच असतात.

गाडी

नागपूरहून गाडी नेऊ नका. बिकानेरला घ्या, जोधपूरला सोडा. सहा जणांना सात सीटर पुरते, बॅगा वर बांधायला कॅरिअर आहे का ते विचारा. भाडं किलोमीटरवर असलं तरी दिवसाचे किमान किलोमीटर धरलेले असतात, म्हणजे गाडी जैसलमेरला उभी राहिली तरी त्या दिवसाचे पैसे लागतात. ड्रायव्हरचा भत्ता, टोल, पार्किंग, कर आणि जोधपूरहून रिकामी परत जाण्याचं भाडं, हे पाचही आकडे आधी वेगवेगळे लिहून घ्या. आमच्या पहिल्या कोटेशनमध्ये परतीचं भाडं नव्हतं, विचारल्यावर ते पुढे आलं. जैसलमेर शहरातल्या शहरात फिरायला गाडी लागतच नाही, तेव्हा तिथे पोहोचल्यावर गाडी सोडून द्यायची आणि जोधपूरसाठी दुसरी घ्यायची, हा हिशेबही मांडून पाहा.

ड्रायव्हरच्या झोपण्याची सोय कुठे आहे हे मुक्कामाच्या हॉटेलला आधी विचारा. रात्रभर गाडीत झोपलेल्या माणसाच्या हाती सकाळी आपली आई बसवायची नसते.

बिकानेर

१४८८ मध्ये जोधपूरच्या राव जोधाचा मुलगा बिका याने वसवलेलं हे शहर. मुलतानकडून येणारे तांडे इथून दिल्लीकडे आणि गुजरातकडे वळायचे. सकाळी जुनागड किल्ला करा. राजा रायसिंहाने १५८९ ते १५९४ या काळात तो बांधला. तो टेकडीवर नसून सपाटीवर आहे, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांना सोपा. आतली सोन्याची नक्षी म्हणजे तिथल्या उस्ता कारागिरांचं काम, ती जवळून बघा.

दुपारी चार वाजता जुन्या शहरात चालत निघा. गाडी आत नेऊ नका. रामपुरियांच्या हवेल्या लाल दगडाच्या आहेत, दुलमेराच्या खाणीतल्या, आणि गल्ली इतकी अरुंद की मान वर करूनच बघावं लागतं. गाईडला सांगा की रिकाम्या पडलेल्या हवेल्यांची घराणी कुठे गेली ते सांग. एकेका दारासमोर तो कलकत्ता, मद्रास, नागपूर अशी नावं घेतो, तेव्हा अंगावर काटा येतो. हवेलीची कुलुपं गंजलेली असतात, पण बऱ्याच घराण्यांचे लोक लग्नकार्याला, जावळाला अजून येतात.

भुजियाचं एक सांगायलाच हवं. बिकानेरी भुजियाला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात मोठ डाळीचं पीठ असतं, आणि ही मोठ म्हणजे आपली मटकी. वाळवंटात थोड्या पाण्यावर येणारं हे पीक. आईने कढईसमोर उभं राहून भुजिया तळणाऱ्या कारागिराला हे विचारून घेतलं, आणि मग तिथूनच दोन किलो घेतला. देशनोकचं करणीमातेचं मंदिर ३० किलोमीटरवर आहे. उंदरांची किळस येत असेल तर सोडा, काही बिघडत नाही.

फलोदी आणि खिचन

इथे बहुतेक जण थांबत नाहीत, थेट जैसलमेर गाठतात. तुम्ही थांबा. फलोदीजवळच्या खिचन गावात हिवाळ्यात हजारो कांड्या करकोचे येतात, तिथले लोक त्यांना कुरजां म्हणतात. गावकरी पिढ्यान् पिढ्या त्यांना दाणे घालत आले आहेत. सूर्योदयाच्या आधी कोणाच्या तरी गच्चीवर जाऊन बसायचं, मालकाला विचारून. आधी लांबून नुसता आवाज येतो. मग आभाळात एक रेघ, मग दुसरी, आणि थोड्या वेळात डोक्यावर सगळं करडं होऊन जातं. ते एकदम उतरत नाहीत, दाणे टाकलेल्या कुंपणाबाहेर थांबून आधी पाहणी करतात. या दाण्यामागे गावातले जैन व्यापारी होते, आणि त्यांच्या लाल दगडी हवेल्या त्याच गावात उभ्या आहेत. मोठ्याने बोलू नका, ड्रोन तर मुळीच उडवू नका.

पुढे पोखरणवरून जाताना १९७४ आणि १९९८ च्या चाचण्यांची आठवण सगळ्यांनाच होते. चहा घ्या, पुढे निघा.

जैसलमेर

रावल जैसलने ११५६ मध्ये लोद्रवा सोडून त्रिकूट टेकडीवर हे शहर वसवलं. सिंध, मुलतान आणि गुजरात यांच्यामधली ही वाट. अफू, नीळ, रेशीम, लोकर, सुकामेवा उंटावरून जायचा आणि जैसलमेरला जकात मिळायची. मुंबई बंदर आणि रेल्वे आल्यावर माल दुसरीकडून जाऊ लागला, आणि १९४७ मध्ये सिंधची वाट कायमची बंद झाली. एवढं गाडीत सगळ्यांना सांगून ठेवा, म्हणजे गाईडला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

मुक्काम किल्ल्यात करू नका. आतली हॉटेलं मोहात पाडतात, खिडकीतून बुरूज दिसतो. पण हा किल्ला मऊ दगडावर उभा आहे आणि पूर्वी वर येणारं पाणी मोजकं, डोक्यावरून आणलेलं होतं. नळ आणि न्हाणीघरं वाढल्यापासून सांडपाणी पायात मुरतं आणि भिंती ढासळतात. २०१३ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या या किल्ल्यात आजही माणसं राहतात, त्यांचं घर टिकायला हवं. खाली शहरात गच्ची असलेली खोली घ्या. किल्ला दिसतो तो तिथूनच, संध्याकाळी मधासारखा.

पहिल्या दिवशी सकाळी लवकर किल्ला. अखैपोळ, सूरजपोळ, गणेशपोळ, हवापोळ असे चार दरवाजे ओलांडून वर जायचं. फरशी गुळगुळीत आहे, रबरी तळव्याचे बूट घाला. हवापोळीत दगडी ओट्यावर दहा मिनिटं बसा, तिथे भर दुपारीही वारा असतो. जैन मंदिरं पर्यटकांसाठी सकाळीच उघडी असतात, म्हणून राजवाडा नंतर करा. मंदिरात चामड्याचा पट्टा, पाकीट चालत नाही. तिथल्या ज्ञानभांडारात ताडपत्रावरच्या पोथ्या आहेत. व्यापाऱ्यांनी पैसा कुठे लावला हे बघायचं तर आधी इथे बघा.

हवेल्यांना दुसऱ्या दिवसाची सकाळ द्या. पटव्यांची हवेली म्हणजे खरं तर पाच हवेल्या. गुमानचंद पटवा यांनी पाच मुलांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या बांधायला घेतल्या. जरीचा धंदा, अफू आणि सावकारी हे त्यांचं बळ. पटव्यांचं मूळ आडनाव बापना. याच घराण्यातले सिरेमल बापना पुढे इंदूरला होळकर राज्याचे पंतप्रधान झाले. एका हवेलीत खासगी संग्रहालय आहे, सरकारी ताब्यातल्या हवेलीचं तिकीट वेगळं. वेळ असेल तर दोन्ही बघा, एकच बघायची तर संग्रहालयवाली, कारण तिथे मेज, तराजू, भांडी जागच्या जागी आहेत. हिशेबाच्या वह्या मुडिया लिपीत असायच्या, आपल्या मोडीसारखीच भराभर लिहायची लिपी. बाहेर आल्यावर सज्जाखाली उभं राहून जाळीकडे बघा. एकाच दगडात कोरलेली, बोटभर जाडीची, आणि पलीकडचा उजेड तिच्यातून चाळणीतल्या पिठासारखा खाली पडतो. नथमलची हवेली १८८५ ची, दोन कारागीर भावांनी दोन बाजू कोरल्या. डावी-उजवी सारखी वाटते, नीट पाहिली की फरक सापडत जातात. मुलांना ते शोधायला लावा, अर्धा तास कोणी कंटाळत नाही.

दुपारी गडीसर तलाव, जिथून शहर पाणी प्यायचं, आणि मग १८ किलोमीटरवरचं कुलधरा. पालीवाल ब्राह्मणांचं हे ओसाड गाव आता भुताखेतांच्या गोष्टींसाठी विकलं जातं. गाईडला सांगा, भुतं नको, खडीन दाखव. उताराच्या तळाशी मातीचा लांब बांध घालायचा, पावसाचं पाणी अडवायचं, ते मुरलं की त्याच ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा. भंडारा-गोंदियाकडच्या मालगुजारी तलावांवर वाढलेल्या माणसाला हे बघताना फार आपलं वाटतं. आमच्या काकूचं माहेर साकोलीचं. ती त्या बांधावर बराच वेळ उभी होती आणि पाळ किती रुंद आहे ते पावलांनी मोजत होती.

उंटाची हौस असेल तर सम गावच्या वाळूच्या टेकड्या सुमारे ४० किलोमीटरवर आहेत. तिथे तंबूंची आणि मोठ्या आवाजाच्या नाचगाण्याची गर्दी असते. आम्ही खुडी गावच्या वाळूत पहाटे गेलो, शांत होतं. या माळांवर माळढोक पक्षी उरला आहे, ज्याला तिथे गोडावण म्हणतात. आपल्या वरोऱ्याकडेही तो होता, म्हणून वाळूत वाट सोडून गाडी घालायला ड्रायव्हरला बजावून मनाई करा. सरहद्दीकडचे तनोट आणि लोंगेवाला हा पूर्ण दिवसाचा वेगळा कार्यक्रम आहे, या सहलीत कोंबू नका.

खाण्यात केर-सांगरीची भाजी, बेसनाचे गट्टे, बाजरीची भाकरी. जैसलमेरचे घोटुआं लाडू घरी न्यायला चांगले, टिकतात.

जोधपूर

वाटेत थोडी वाकडी वाट करून ओसियां करता येतं. जुनी मंदिरं आहेत, आणि ओसवाल समाज आपलं मूळ तिथलंच मानतो. सदर-इतवारीतल्या कितीतरी दुकानांच्या पाटीवरचं आडनाव इथे येऊन मिळतं.

१४५९ मध्ये वसलेल्या जोधपुरात मेहरानगडासाठी गाईडऐवजी तिथलं ऑडिओ गाईड घ्या. हिंदीत मिळतं आणि चांगलं आहे. वर जायला पैसे देऊन लिफ्ट आहे, आईसाठी ती घ्याच. माणूस गाईड संध्याकाळी खालच्या शहरासाठी ठेवा: निळी घरं, तूरजी का झालरा ही पायविहीर, मग घंटाघर आणि सरदार मार्केट. इथे मसाला घ्यायचा तर मोकळा घ्या, हातावर चोळून, वास घेऊन, वजन डोळ्यांसमोर करून. मथानियाची लाल मिरची आमच्या काकूने आणली. सावजी रश्श्याला ती तिखटाला कमी पडते, रंगाला मात्र फार छान येते. मिरचीवडा आणि माव्याची कचोरी गरमच खा, डब्यात भरून गाडीत नेऊ नका, मऊ पडते.

परतीच्या दिवशी तिकिटावरचं स्टेशन दोनदा वाचा. रिक्षावाला "जोधपूर स्टेशन" ऐकून मुख्य स्टेशनला नेतो आणि गाडी भगत की कोठीहून सुटते. दोन्हींमध्ये काही किलोमीटरचं अंतर आहे, बॅगा आणि ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर तासभर आधीच निघा. रात्रीचं जेवण बांधून घ्या, पाण्याच्या बाटल्या स्टेशनबाहेरच भरून घ्या, आणि भुजियाचा डबा वरच्या बॅगेत ठेवा. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची आठवण सगळ्यांनाच होते.